हायड्रोजनच्या नावाने पैसे देण्यापूर्वी: कोडोलीकरांसाठी खर्चाचा आणि थंडीचा हिशेब

आधी थेट उत्तर. आज कोडोलीत, कोल्हापुरात किंवा महाराष्ट्रात कुठल्याही शोरूममध्ये जाऊन तुम्हाला फ्युएल सेलवर चालणारी हायड्रोजन मोटार विकत घेता येत नाही. खासगी गाडीत हायड्रोजन भरून देणारा पंप जिल्ह्यात नाही. त्यामुळे गाडीचं बुकिंग, पंपाची डीलरशिप किंवा ‘शून्याखालीही एका किल्लीत सुरू’ असं सांगून कोणी ॲडव्हान्स मागत असेल, तर खिशात हात घालू नका.

तरीही या नावाखाली पैसे जायच्या वाटा बऱ्याच आहेत. परदेशातला भाचा स्वस्तात मिळतेय म्हणून सेकंडहँड हायड्रोजन गाडी घ्यायला निघतो. इंजिनीअरिंगला असलेली मुलगी प्रोजेक्टसाठी फ्युएल सेल मागवते. कोणी ट्रॅक्टरला किंवा उसाच्या ट्रकला ‘पाण्यावर चालणारं किट’ बसवून देतो म्हणतो. आणि लेहला फिरायला निघालेल्यांना तिथली हायड्रोजन बस बघायची असते. प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे. एक गोष्ट मात्र चौघांनाही लागू आहे: थंडीत फ्युएल सेल सुरू करण्याचा प्रश्न मोठ्या कंपन्यांनी बऱ्यापैकी सोडवला आहे, पंपाचा प्रश्न सुटलेला नाही. विकणारा तुम्हाला थंडीबद्दल भरभरून सांगेल. तुम्ही पंपाबद्दल विचारा.

बुकिंग मागणाऱ्याला कोणते कागद मागाल?

गाडी दाखवून पैसे मागणाऱ्याकडे तीन कागद मागा. पहिला, त्या मॉडेलच्या मान्यतेचं प्रमाणपत्र. ते पुण्याच्या एआरएआयसारख्या किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या अधिकृत चाचणी संस्थेचं हवं. हायड्रोजन फ्युएल सेल वाहनांसाठी भारतात एआयएस-१५७ हे सुरक्षा मानक आहे. केंद्राने २०२० च्या सप्टेंबरमध्ये ते अधिसूचित केलं. प्रमाणपत्रावर हा क्रमांक शोधा. दुसरा, विक्रेत्याचं आरटीओने दिलेलं ट्रेड सर्टिफिकेट. तिसरा, जीएसटी क्रमांकासह पक्की पावती, आणि तीवर पैसे परत करण्याची अट. यातल्या एकाही कागदाबद्दल ‘नंतर देतो’ असं उत्तर आलं, तर तिथून उठा.

बातम्यांतल्या गाड्यांचं काय? त्या खऱ्या आहेत, पण विक्रीला नाहीत. टोयोटाची मिराई मार्च २०२२ मध्ये आयकॅटसोबत चाचणी म्हणून भारतात आली आणि ३० मार्चला नितीन गडकरी तीत बसून संसदेत गेले. पुण्यात केपीआयटी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ऑक्टोबर २०२० मध्ये फ्युएल सेल मोटारीची चाचणी घेतली, ऑगस्ट २०२२ मध्ये बस दाखवली. मार्च २०२५ मध्ये टाटा मोटर्सच्या १६ हायड्रोजन ट्रकांची २४ महिन्यांची चाचणी सुरू झाली आणि मुंबई-पुणे परिसर त्यात आहे. कोडोलीच्या सगळ्यात जवळची हायड्रोजनची हालचाल ती हीच. पण ती व्यवस्था चाचणीतल्या वाहनांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

उद्या पुण्यात पंप सर्वांना खुला झाला असं धरा. कोडोलीहून पुणं दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त. जाऊन-येऊन चारशेच्या वर. मिराईची टाकी भरली की अमेरिकी चाचणीप्रमाणे गाडी सुमारे ६४० किलोमीटर चालते. म्हणजे टाकीतला जवळपास दोन तृतीयांश हायड्रोजन टाकी भरून आणण्यातच संपेल. शिवाय मोटारींना ७०० बार दाबाने भरावं लागतं, बस आणि ट्रकांचे पंप बहुतेक ३५० बारचे असतात. कमी दाबाच्या पंपावर मोटारीची टाकी निम्म्याहून थोडी अधिकच भरेल. ‘पंप आहे’ एवढं ऐकून थांबू नका, दाब विचारा.

किलोचा भाव सांगतानाही एक चलाखी होते. पानिपत रिफायनरीसाठी २०२५ मध्ये काढलेल्या निविदेत हरित हायड्रोजनचा भाव किलोला ३९७ रुपये आला. तो कारखान्याच्या दारातला भाव आहे. दाबणं, वाहून नेणं, भरण्यापूर्वी थंड करणं आणि पंपाचा नफा त्यात नाही. जाहिरातीत ‘चारशे रुपये किलो’ दिसलं तर विचारा: कुठे, किती बारला, करासह की कराविना?

थंडीत नेमकं काय अडतं

थोडक्यात सांगतो, कारण खर्च यातूनच निघतो. फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन वीज तयार होते, सोबत पाणी. एक किलो हायड्रोजनमागे नऊ किलो पाणी. मधला पातळ पडदा काम करायला ओलाच लागतो, म्हणून पाणी पूर्ण काढून टाकताही येत नाही. गाडी बंद करून रात्रभर उणे दहा अंशांत ठेवली की सेलमध्ये उरलेलं पाणी गोठतं. पडद्यावरच्या प्लॅटिनमच्या थरावर आणि वायू जाण्याच्या बारीक छिद्रांत बर्फ बसतो. सकाळी चालू केली की नवं पाणी तयार होतं आणि तेही गोठायला लागतं. सेल स्वतःच्या उष्णतेने शून्याच्या वर चढण्याआधी छिद्रं बंद झाली, तर गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते. असं वारंवार झालं तर पडदा आणि थर कायमचे खराब होतात, आणि त्या गाडीतला सगळ्यात महाग भाग तोच.

उपाय दोन बाजूंनी केले जातात. गाडी बंद करताना कॉम्प्रेसर काही वेळ चालू ठेवून हवेने पाणी बाहेर ढकललं जातं. सुरू करताना सेल मुद्दाम कमी कार्यक्षमतेने चालवून जास्तीची उष्णता काढली जाते आणि गाडीतली छोटी बॅटरी साथ देते. यामुळे मिराई उणे ३० अंशांतही सुरू होते असं टोयोटा सांगते. ह्युंदाईचा नेक्सो या हायड्रोजन मोटारीबद्दलचा दावाही तसाच आहे. तेव्हा ‘थंडीसाठी खास किट’, ‘सेल हीटर पॅकेज’ म्हणून कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. ही व्यवस्था गाडीत मुळातच असते. नसेल, तर ती गाडी थंड प्रदेशासाठी बनलेलीच नाही.

कोडोलीत याचा उपयोग शून्य. आपल्याकडची जानेवारीतली पहाटही गोठणबिंदूपासून बरीच लांब असते. इथे त्रास होईल तो उलट बाजूने. हा सेल ६५ ते ८० अंशांत चालतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात रेडिएटरला ती उष्णता बाहेर टाकायला तापमानाचा फार थोडा फरक मिळतो. आणि एक गोठण मात्र आपल्याकडेही होईल. टाकीत वेगाने भरताना हायड्रोजन तापतो, म्हणून ७०० बारच्या पंपावर तो उणे ४० अंशांच्या आसपास थंड करून सोडतात. दमट हवेत नळीच्या तोंडाशी बर्फ धरतो आणि फ्रीझरच्या ट्रेला ओलं बोट चिकटावं तशी नळी गाडीला चिकटते. कॅलिफोर्नियासारख्या उबदार ठिकाणी ग्राहकांना याचा अनुभव आहे. ओढायची नाही, गरम पाणीही ओतायचं नाही. थोडा वेळ थांबायचं किंवा पंपावरच्या माणसाला बोलवायचं.

परदेशातल्या नातेवाइकाला काय सांगाल

इथे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात मोठी रक्कम इथेच अडकते.

अमेरिकेत जुन्या मिराई आश्चर्य वाटावं इतक्या स्वस्त मिळतात. कारण इंधनाच्या भावात आहे. कॅलिफोर्नियातल्या मोठ्या पंपसाखळीने २०२३ मध्ये किलोचा दर ३६ डॉलरवर नेला. मिराईची टाकी ५.६ किलोची. एकदा भरायला दोनशे डॉलर. मैलाला अर्धा डॉलर इंधनावरच गेला. नवी गाडी घेणाऱ्याला टोयोटाने १५ हजार डॉलरपर्यंतचं इंधन कार्ड दिलं, म्हणून पहिल्या मालकाला हा भाव जाणवला नाही. दुसऱ्या मालकाने आधी एवढं लेखी विचारावं: हे कार्ड माझ्या नावावर होणार का, त्यात किती शिल्लक आहे, कोणत्या तारखेपर्यंत चालेल? उत्तर तोंडी असेल तर कार्ड नाही असंच धरा.

दुसरा प्रश्न पंपाचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेलने कॅलिफोर्नियातले मोटारींसाठीचे हायड्रोजन पंप बंद केले. नॉर्वे तर थंड देश. पण तिथे गाड्या थंडीने थांबल्या नाहीत. १० जून २०१९ रोजी सांडविका इथल्या पंपावर स्फोट झाला, इतर पंप बंद ठेवावे लागले आणि टोयोटा व ह्युंदाईला विक्री काही काळ थांबवावी लागली. जर्मनीत जून २०२२ मध्ये किलोचा दर ९.५० युरोवरून १२.८५ युरो झाला आणि पुढे मोटारींचे बरेच पंप बंद होत गेले. तेव्हा भाच्याला सांगा: घरापासून अर्ध्या तासात किमान दोन चालू पंप असल्याशिवाय सौदा करू नको. एक नाही, दोन. आणि नकाशावर बघून ठरवू नको. आठवड्यात वेगवेगळ्या दिवशी संध्याकाळी तिथे जाऊन रांग आणि ‘बंद आहे’ची पाटी स्वतः बघ.

गाडी थंड गावात वापरायची असेल, तर तपासणीही थंडीतच करायला हवी. विक्रेत्याला सांगून गाडी आदल्या रात्री उघड्यावर ठेवायला लावा. सकाळी तुमच्यासमोर पहिल्यांदा चालू करायची, आधी गरम करून ठेवायची नाही. चालू झाल्यावर लगेच पुढे जाते का, की इशाऱ्याचा दिवा लावून थांबते? मग वीस-पंचवीस किलोमीटर चालवून बंद करा आणि कान देऊन ऐका. थंडीत गाडी बंद केल्यावर कॉम्प्रेसर थोडा वेळ चालण्याचा आवाज आला तर घाबरू नका, पाणी काढण्याचं काम चालू आहे. मिराईमध्ये पाणी सोडण्याचं वेगळं बटण असतं. गॅरेजमध्ये नेण्याआधी ते दाबावं, नाहीतर दारातच पाणी सांडून बर्फ होतो आणि घरातलं म्हातारं माणूस घसरतं.

लपलेले खर्च आणखी आहेत. टाक्यांवर शेवटची तारीख छापलेली असते. मिराईच्या टाक्यांची मुदत उत्पादनापासून १५ वर्षं, त्यानंतर त्यांत इंधन भरायचं नसतं. भरण्याच्या झाकणाजवळचा तो मजकूर फोटो काढून घ्या. कूलंट साधा चालत नाही. वीज वाहून न नेणारा खास कूलंट आणि आयन गाळणारा फिल्टर लागतो, तो अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच बदलावा लागतो. नेहमीच्या गॅरेजमध्ये पैसे वाचवायला साधं अँटीफ्रीझ घातलं, तर स्टॅकचं, म्हणजे सेलच्या संचाचं, इन्सुलेशन बिघडतं आणि बचतीच्या शंभरपट खर्च येतो. हवेचा फिल्टरही रसायनं शोषणारा असतो. आणि रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर ही गाडी घेऊच नका. सेल नीट तापत नाही, पाणी साचत जातं आणि कडाक्याच्या थंडीत त्याचा हिशेब चुकवावा लागतो.

‘तिकडे स्वस्त आहे तर इकडे घेऊन येऊ’ हा विचार आत्ताच सोडा. सेकंडहँड मोटार भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. अमेरिकेतली मिराई डाव्या स्टिअरिंगची. एजंट ‘करून देतो’ म्हणाला, तरी बंदरात अडकलेल्या गाडीचं भाडं तुम्हीच भरणार.

लेहची बस: बघायची असेल तर

गोठवणाऱ्या थंडीत चालणारा फ्युएल सेल भारतात बघायचा असेल, तर जागा लेह. एनटीपीसी या वीज कंपनीने तिथे ३,६५० मीटर उंचीवर हायड्रोजनचं केंद्र उभारलं आहे: १.७ मेगावॅटचा सौर प्रकल्प, भरण्याची सोय आणि पाच फ्युएल सेल बस. पहिली बस ऑगस्ट २०२३ मध्ये लेहला पोचली. एका बसची किंमत सुमारे अडीच कोटी रुपये सांगितली गेली. तुमच्यासाठी महत्त्वाचं एवढंच की त्या शहरात फिरणाऱ्या प्रवासी बस आहेत, पर्यटकांची खास सहल नाही. ‘हायड्रोजन बस टूर’ म्हणून वेगळे पैसे मागणाऱ्याला नकार द्या. आदल्या दिवशी लेहच्या बस स्थानकावर विचारा, बस कोणत्या मार्गावर आहे ते कळेल, साधं तिकीट काढून बसा.

कधी जाल? थंडीतलं चालणं बघायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी. पण तेव्हा मनालीचा रस्ता बंद असतो आणि श्रीनगरचा बेभरवशाचा, म्हणून विमानच धरा. कोडोलीहून कोल्हापूर, तिथून निजामुद्दीनला जाणारी आठवड्यातून एकदाची गाडी, दिल्लीतून लेहचं विमान. गाडीचा वार आणि विमानाची तारीख जुळवताना मध्ये एक दिवस मोकळा ठेवा, कारण लेहची विमानं हवामानामुळे रद्द होतात. पाच दिवसांसाठी माणशी चाळीस ते पन्नास हजार रुपये बाजूला ठेवा. त्यात खोली गरम ठेवण्याचे पैसे वेगळे लागतात का, हे बुकिंग करतानाच विचारा. हिवाळ्यातल्या बिलाला फुगवणारा खर्च हाच. सोबत आधार किंवा मतदार ओळखपत्र, त्याच्या प्रती, आणि हृदय, दमा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला. पोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती, बस तिसऱ्या दिवशी. यात घाई करू नका, उंचीचा त्रास तरण्याताठ्यांनाही होतो.

स्वतःची डिझेल गाडी घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की थंडीत अडणं ही एकट्या हायड्रोजनची अडचण नाही. साधं डिझेल लडाखच्या थंडीत घट्ट होतं. म्हणूनच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. खालून भरून नेलेली टाकी रिकामी होत आल्यावर तिथलं भरा, पूर्ण भरलेल्या मैदानी डिझेलवर रात्र काढू नका.

आपल्या भागातली अनेक मुलं सैन्यात आहेत, लडाखमध्ये तैनात होतात. त्यांच्या घरच्यांनी एक नाव ऐकून ठेवावं: चुशुल. ४,४०० मीटर उंची, पारा उणे ३० पर्यंत उतरतो. तिथल्या लष्करी ठाण्यासाठी एनटीपीसीने सौर ऊर्जा आणि हायड्रोजनची वीजव्यवस्था हाती घेतली आहे, वर्षभर २०० किलोवॅट वीज देण्यासाठी. दिवसा उन्हातून हायड्रोजन करून साठवायचा, रात्री फ्युएल सेलमधून वीज घ्यायची, म्हणजे वर चढवून न्यावं लागणारं जनरेटरचं डिझेल वाचतं. फ्युएल सेलला थंडीत खरं मोल मिळवून देणारी जागा मला तरी हीच वाटते. पोराच्या खोलीत रात्री वीज असणं ही घरच्यांसाठी लहान गोष्ट नाही.

प्रोजेक्टवाल्या मुलांसाठी

वारणानगरला किंवा कोल्हापुरात इंजिनीअरिंग शिकणाऱ्या मुलांना ‘थंडीत फ्युएल सेल’ हा विषय आकर्षक वाटतो. करा, पण खर्च आधी मांडा. आयात केलेल्या छोट्या सेलची संकेतस्थळावरची किंमत ही अर्धीच गोष्ट असते. त्यावर कुरिअर, सीमाशुल्क, जीएसटी, कुरिअर कंपनीचा हाताळणी खर्च आणि कार्डाचा विनिमय दर चढतो. भारतातल्या विक्रेत्याकडून सगळे कर धरून कोटेशन घ्या आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. मागवण्यापूर्वी पुस्तिका वाचा. हवेने थंड होणाऱ्या छोट्या सेलसाठी वापराचं तापमान सहसा ५ ते ३० अंश लिहिलेलं असतं. त्याखाली नेलात तर वॉरंटी गेली. प्रयोगातला एक सेल बिघडणार असं धरूनच पैसे जमवा.

वायूचा हिशेब गमतीचा आहे. सात घनमीटरच्या मोठ्या सिलिंडरमध्ये हायड्रोजन भरतो जेमतेम ६०० ग्रॅम. पण १०० वॉटचा सेल पूर्ण ताकदीवर मिनिटाला साधारण १.३ लिटर वायू खातो, म्हणजे तेवढाच सिलिंडर नव्वद तास पुरतो. तुमचा प्रयोग चार-पाच तासांचा. पैसे वायूचे जात नाहीत. जातात ते सिलिंडरच्या भाड्याचे, अनामत रकमेचे, ने-आणीचे आणि रेग्युलेटरचे. रेग्युलेटर हायड्रोजनसाठीचाच घ्या. ज्वलनशील वायूंचे आटे उलटे असतात, ऑक्सिजनचा रेग्युलेटर बसत नाही आणि जबरदस्तीने बसवायचाही नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या वायू पुरवठादारांकडे विचारताना शुद्धतेचं प्रमाणपत्र मागा. वाहनांच्या फ्युएल सेलसाठी आंतरराष्ट्रीय मानक ९९.९७ टक्के शुद्धता मागतं, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अंशही प्लॅटिनमचा थर निकामी करतो. सिलिंडर कॉलेजच्या नावावर, शिक्षकांच्या सहीने घ्या. हॉस्टेलच्या खोलीत कधीच नाही. धातूत हायड्रोजन शोषून ठेवणारे छोटे डबे सोपे वाटतात, पण वायू सोडताना ते स्वतः थंड होतात आणि गारठ्यात वायू द्यायचेच थांबतात. थंडीच्या प्रयोगाला ते घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उणे तापमान मिळवायला आइस्क्रीमचा डीप फ्रीझर पुरतो, उणे १८ अंशांपर्यंत जातो. पण फ्रीझरमध्ये हायड्रोजन सोडायचा नाही, अगदी थोडाही नाही. हवेत ४ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो, थर्मोस्टॅटची ठिणगी त्याला भरपूर होते, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत नीट दिसतही नाही. सेल एकटाच गोठवा. मग बाहेर काढून, उघड्या व्हरांड्यात, वायू जोडा आणि पहिल्या मिनिटांतला व्होल्टेज मोजा. एकदा सेल बंद करताना कोरड्या नायट्रोजनने पाणी काढून गोठवा, एकदा न काढता. दोन आलेख शेजारी ठेवलेत तरी प्रोजेक्टचा मुख्य निष्कर्ष हाती येतो. न काढलेला सेल कदाचित पुन्हा पूर्वीसारखा चालणार नाही, म्हणून तो शेवटी गोठवा.

‘पाण्यावर चालणारं’ किट

ट्रॅक्टर, ट्रक आणि जुन्या जीपला हायड्रोजन किट बसवून मायलेज वाढवून देतो, असं सांगणारे लोक भेटतात. याचा फ्युएल सेलशी काही संबंध नाही. डब्यात क्षार घातलेलं पाणी असतं, गाडीच्या विजेने त्याचं विघटन करून वायू इंजिनात सोडतात. ती वीज अल्टरनेटरकडून येते, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं, इंजिन तुमच्या डिझेलवर चालतं. वायूतून परत मिळते ती ऊर्जा घातलेल्यापेक्षा नेहमी कमीच. वर पाणी गोठण्याचा, डब्यातला दाहक द्रव सांडण्याचा आणि इंजिनच्या खोलीत ज्वलनशील वायू फिरवण्याचा धोका.

कायद्याची बाजू विक्रेता सांगत नाही, म्हणून मी सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मान्यतेशिवाय गाडीत असा फेरबदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला, तर विमा कंपनीला दावा नाकारायला हे किट आयतं कारण. सीएनजी किटशी तुलना करून तुमचा विश्वास मिळवतील, तर फरक लक्षात ठेवा: सीएनजी किटला चाचणी संस्थेची मान्यता असते आणि आरटीओ आरसी बुकात त्याची नोंद करतं. या किटच्या विक्रेत्याला तेवढंच विचारा: आरसीवर नोंद करून देता का? नोंद नाही, तर किट नाही.

पैसे गेले असतील तर

ऑनलाइन पाठवले असतील, तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. त्यानंतर बँकेला लेखी कळवा आणि कोडोली पोलीस ठाण्यात तक्रार द्या. माल किंवा सेवेबद्दलची तक्रार असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यातून भागलं नाही, तर कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील सक्तीचा नाही. सोबत लागेल ते असं: पैसे दिल्याचा पुरावा, पावती किंवा कोटेशन, जाहिरातीचा फोटो, व्हॉट्सॲपवरचं सगळं संभाषण तारखांसह, आणि विक्रेत्याला पाठवलेल्या नोटिशीची पोच. गप्पा पुसू नका, फोन बदलायचा असेल तर आधी छापील प्रत काढा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. गाडी ‘पुढच्या महिन्यात येते’ असं सांगून विक्रेता वर्षभर झुलवत असला, तरी त्याच्या शब्दावर ती मुदत वाढत नाही.